भिंतीशी बोलणाऱ्या सभापती

बीडीओ साहेबांच्या गळ्यात तो हार पडला, त्याला सर्वस्वी मी जबाबदार. साहेब बिचारे निर्दोष. हार घालणारे आबाही निर्दोष. आणि ज्यांच्या गळ्यात तो पडायला हवा होता, त्यांचा तर काडीचा दोष नाही.

झालं असं, की चिंचपुऱ्याची सून कुंदाबाई देसले आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीच्या सभापती झाल्या आणि गावाने मारुतीच्या पारासमोर मांडव घालून सत्काराचा बेत केला. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी जवळच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, पण आसपासच्या गावांत मला ओळखतात ते ‘माईकवाले सर’ म्हणून. शाळेचं गॅदरिंग असो, बैलांचं प्रदर्शन असो नाहीतर कुणाच्या निवृत्तीचा निरोप, माईक माझ्या हातात आला की मला भरून येतं. चार-पाच विशेषणं पुढे धाडल्याशिवाय मी कोणाचं नाव घेत नाही. सर पाहुण्याचं नाव घेईपर्यंत पाहुणा चहा पिऊन परत येतो, असं लोक म्हणतात. मत्सर असतो एकेकाला.

तर त्या दिवशी कार्यक्रम रंगात आला आणि मला एक वाक्य स्फुरलं. “आणि आता, ज्या वटवृक्षाच्या शीतल छायेत या कर्तृत्वाचं रोप वाढलं, ते सभापती महोदयांचे पूज्य श्वशुर, तोताराम आबा, यांच्याच शुभहस्ते महोदयांना पुष्पहार!”

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूने एकही टाळी आली नाही. एकीने तर तोंडावर हात ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी पुढचं वाक्य जुळवत होतो.

कोणीतरी आबांच्या हातात हार कोंबला आणि त्यांना स्टेजवर ढकललं. आबांचं पाऊल फळीवर वाजलं मात्र, कुंदाबाई ताडकन उठल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि सासऱ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वीस-बावीस वर्षं घराच्या उंबऱ्यात जे केलं, तेच. समोर सून पाहून आबांनीही वीस-बावीस वर्षं केलं तेच केलं. गर्रकन वळले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीला पाठ. हार मात्र आबांच्या पसरलेल्या हातांत तसाच. आणि त्या हातांच्या बरोबर समोर बीडीओ साहेब बसलेले.

साहेब कोकणातले, नवीनच बदलून आलेले. त्यांना वाटलं इकडची पद्धत असेल. त्यांनी नम्रपणे मान पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘सभापतींचा भव्य सत्कार.’ फोटोत हसरे बीडीओ, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी एक घाबरलेली टोपी, आणि मागे नुसता पदर.

आता या पदराबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत सून सासऱ्याशी थेट बोलत नाही आणि सासरा सुनेशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नसतं. उलट तो मान असतो. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. सासऱ्याने घरात येताना खोकायचं. कुंदाबाई तर इतक्या कडक, की सासऱ्यांचं नाव तोताराम म्हणून अख्खं गाव ‘राम राम’ म्हणतं तिथे त्या ‘नमस्कार’ म्हणायच्या. चाळीसगावची, बारावी शिकलेली, म्हणून तोरा करते, असं गावाला बरीच वर्षं वाटायचं.

मग एका घरात राहून यांचं चालायचं कसं? त्याची सोय होती. कुंदाबाई भिंतीशी बोलायच्या आणि आबा गायीशी.

मी स्वतः ऐकलंय. ओसरीवर बसलो होतो. आतून आवाज आला, “ताट वाढलंय म्हणावं.” कोणाला म्हणावं? भिंतीला. आबा उठले, जेवले, हात धुतले आणि गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, “आज भाजीमा मिरची जास्त पडनी भो.” गाय रवंथ करत राहिली. दुसऱ्या दिवशी मिरची कमी. बाजाराच्या दिवशी आबा गोडीशेवेचा, म्हणजे गुळाच्या शेवेचा, पुडा आणायचे, गोठ्याच्या खुंटीला लटकवायचे आणि गायीला सांगायचे, “कोनले खावानी व्हई तं खाई ल्या.” त्या घरात गोडीशेव आवडीने खाणारी व्यक्ती एकच होती आणि ती गाय नव्हती.

निवडणुकीतही तेच. सत्तरी ओलांडलेले आबा मतदारसंघातल्या गावागावांत फिरले. पण सुनेचं नाव एकदाही घेतलं नाही. “ह्या चिन्हाले मत द्या, मानूस चांगलं शे,” एवढंच.

जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून कुंदाबाई उभ्या राहिल्या. खरं म्हणजे उभ्या केल्या गेल्या. पुढाऱ्यांचा हिशेब असा, की बाई सह्या करेल, बाकीचं प्रेमराज बघेल. प्रेमराज म्हणजे त्यांचे यजमान. सरळ माणूस. कापूस आणि क्रिकेट सोडून त्याला जगातलं काही कळत नाही आणि तसं तो सांगतोही. पण निवडून आल्यावर लोक त्यालाच ‘साहेब’ म्हणू लागले. सरकारी गाडीचं पुढचं दार त्याच्यासाठी उघडायचं, मागचं कुंदाबाईंसाठी. ड्रायव्हर भूपेंद्र त्याला विचारायचा, “साहेब, कुठे घेऊ?” आणि कुंदाबाईंना, “वहिनी, दार लागलं ना?”

कुंदाबाईंनी पहिल्या महिन्यात काही केलं नाही. नाही म्हणायला एक केलं. सभापतींची खुर्ची आधीच्या कुणा सहा फुटी गृहस्थांच्या मापाची होती, कुंदाबाईंचे पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी घरून जेवायचा पाट आणला आणि पायाखाली ठेवला. शिपायाने विचारलं, “हे काय?” म्हणाल्या, “मी इथे बसणारे.”

मग त्यांनी ‘सभापती तुमच्या दारी’ सुरू केलं. आठवड्याला एक गाव, मांडव, माईक, आणि माईकमागे अर्थातच मी. पहिल्याच गावात एक जण उठला आणि प्रेमराजला हात जोडून म्हणाला, “साहेब, शाळेचे पत्रे उडालेत.” दुसरा उठला, “साहेब, हातपंप.” तिसरा उठला. शेजारी कुंदाबाई बसलेल्या, पाटावर पाय ठेवून. तिसऱ्याचं ऐकून झालं तशी त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. माझ्या हातातून माईक घेतलेली ती पहिली व्यक्ती.

“ज्यांनी यांना सांगितलं, त्यांचं काम हे करतील,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी मला सांगितलं, त्यांचं मी करीन. फक्त यांच्याकडे सही नाहीये, तेवढं लक्षात ठेवा.”

मांडव हसला. सगळ्यात जास्त प्रेमराज हसला. त्या दिवसापासून नियम झाला. ज्याला काही मागायचंय त्याने उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं आणि सभापतींकडे बघून मागायचं. चिठ्ठी नाही, मध्यस्थ नाही. ते नाव सभापती स्वतः मोठ्याने परत म्हणणार, म्हणजे कोणी काय मागितलं ते सगळ्यांनी ऐकलं. प्रेमराज दुसऱ्या आठवड्यापासून आलाच नाही. “सर, मला तिथे झोप यायची,” असं तो मला कपाशीत उभा राहून मोठ्या समाधानाने म्हणाला.

पण नियमातून नवाच घोटाळा निघाला. बाईंकडे बघून बोलायचं, ठीक. पण म्हणायचं काय? लोक उभे राहायचे आणि पहिल्या शब्दावरच अडकायचे. कोणी ‘वहिनी’ म्हणे, कोणी ‘ताई’, कोणी ‘मॅडम’. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ‘सर’ म्हणत. एका म्हाताऱ्याने ‘पोरी’ म्हटलं, एका म्हातारीने ‘माय’. एक घाबरलेला गृहस्थ ‘अध्यक्ष महाराज’ म्हणाला आणि शेजारच्याने त्याला खाली ओढलं. कुंदाबाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, “बोला.”

त्यांना चालत होतं. मला चालत नव्हतं. मी मराठीचा शिक्षक! पदाची काही शान आहे की नाही? मी प्रत्येक गावात आधी दहा मिनिटं समजावून सांगू लागलो, की ‘सन्माननीय सभापती महोदया’ असं म्हणावं. लोक माना डोलवायचे आणि उठून ‘वहिनी’ म्हणायचे.

अशात चिंचपुऱ्याची पाळी आली. म्हणजे सभापतींच्या स्वतःच्या सासरची.

गावाची मागणी एकच होती. गाव आणि मळे यांच्या मधून नाला जातो. त्यावरची मोरी, म्हणजे सिमेंटच्या पाईपांचा छोटा पूल, दोन पावसाळ्यांमागे वाहून गेली. तेव्हापासून ट्रॅक्टर दुसऱ्या गावावरून वळसा घालून येतात, नाल्यात पाणी असलं की कापूस डोक्यावरून आणावा लागतो, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या मुली दप्तर डोक्यावर धरून शाळेत येतात. पुढच्या वर्षीची कामं त्याच आठवड्यात ठरायची होती. आता मागितलं नाही, तर आणखी एक वर्ष तसंच. पण मागायचं कोणी? सगळे एकमुखाने म्हणाले, आबांनी. सून त्यांची. मी म्हटलं, दुसरं कोणीही मागू शकतं की! तर सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले. त्यांना आभाळात काय दिसलं, ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी आबा माझ्या घरी. टोपी काढली, पुन्हा घातली.

“मास्तर, तुम्ही लोकेस्ले शिकाडतस. माले बी शिकाडा. सभापती बाई ऱ्हायनी तं तिले काय म्हनतस?”

मला कोण आनंद झाला! म्हटलं, “आबा, ‘सन्माननीय सभापती महोदया.’ म्हणा.”

आबांनी मनातल्या मनात चावून पाहिलं. “हाई तं लगीनपत्रिकावरनं वाटस. घरनी बाईले कोन म्हनी?”

“मग मॅडम?”

“दवाखानामा सुई टोचस ती मॅडम.”

“ताई?”

“मन्ही सून शे मास्तर, बहीन नही!”

“वहिनी तर नकोच,” मी म्हणालो.

“वहिनी म्हनसू तं प्रेमराज काय मन्हा भाऊ व्हयना का?” आबा चिडले. मग एकदम मऊ झाले. “शब्दनं जाऊ द्या. मन्हं तोंडच उघडाव नही तिन्हासमोर. इतला वरीस व्हयनात. पयला शब्द काय मोरी म्हनू?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माणूस मोरीसाठी अडलेला नाही. वीस-बावीस वर्षं साठवलेला पहिला शब्द सिमेंटच्या पाईपावर खर्च करायचा, ते त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि तिकडे कुंदाबाईंनाही नियमाप्रमाणे त्यांचं नाव मोठ्याने घ्यावं लागणार होतं. ज्यांनी त्या नावापायी ‘राम राम’सुद्धा सोडलं त्यांना! सवलत दिली तर तालुका म्हणणार, बाईंचा नियम दुसऱ्यांसाठी, घरच्यांना मागचं दार. पाट घेऊन परत जावं लागेल.

मी म्हटलं, “आबा, सराव करू.” खुर्ची मांडली. सभापती कोण होणार? आमची मोहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “माझ्या पोळ्या तव्यावर आहेत.” मग मीच डोक्यावर टॉवेल घेतला, हनुवटीपर्यंत ओढला आणि बसलो. आबा समोर उभे राहिले. एकदा खोकले. दोनदा खोकले. मग वळून आमच्या फ्रिजला म्हणाले, “नालावरनी मोरी व्हाई गयी भो.”

“आबा, फ्रिजला नाही, मला!”

“तुम्ही टॉवेल काढा पयले. माले हसू ई ऱ्हायनं.”

तेवढ्यात मोहिनी बाहेर आली. टॉवेलच्या पदरातला नवरा तिने पाहिला. नुसतं आबांना विचारलं, “चहा घेणार का?” आणि आत गेल्यावर बराच वेळ तिचा खोकल्यासारखा आवाज येत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव तुडुंब. बाहेरगावचे लोकही आले होते. मोरीशी त्यांचा काही संबंध नव्हता, ते ‘बघायला’ आले होते. बीडीओ साहेब स्टेजच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसले, हाराच्या टप्प्याबाहेर. मी माझं प्रास्ताविक लांबवलं. मुद्दामच लांबवलं, आबांना धीर यावा म्हणून. मग मागण्यांमध्ये पाणी आलं, दिवे आले, अंगणवाडीचं दार आलं. कुंदाबाई ‘बोला’ म्हणत गेल्या. मग कोणीच उठेना. सगळा मांडव पहिल्या रांगेतल्या एका टोपीकडे बघू लागला.

आबा उठले.

कुंदाबाईही उठल्या. सवयच ती. पाटावरून पाय खाली आले, हात पदराकडे गेला. आता पाठ फिरवतात की काय? यांनी पाठ फिरवली की ते फिरवणार, आणि मोरी गेली आणखी एका वर्षावर. मी घाईघाईने माईक तोंडाशी नेला, “तर सन्माननीय, कर्तव्यदक्ष…”

आबांनी माझ्याकडे हात केला. गप, असा. मग त्यांनी टोपी सरळ केली, थेट सुनेकडे बघितलं आणि म्हणाले,

“बसा.”

आबांचा आवाज पहिल्या शब्दाला जरा फाटला होता. त्यांनी घसा साफ केला. “बसा तुम्ही. खुर्ची तुमन्ही शे. मी उभा राहीसन सांगस.”

आमच्याकडे सुनेला कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. सासरा तर नाहीच नाही. बायकांच्या बाजूला एक लाट गेल्यासारखी झाली. कुंदाबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग बसल्या. पाय पाटावर घेतले. पदर डोक्यावर होता, तो तसाच राहिला, पण चेहऱ्यावरून मागे गेला. आबांनी सुनेचा चेहरा इतक्या उजेडात बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

“नाव सांगा,” त्या म्हणाल्या.

“तोताराम कौतिक देसले.”

कुंदाबाईंनी समोरच्या तांब्यातलं पाणी घेतलं. ग्लास खाली ठेवला. आणि स्वच्छ, माईकशिवाय मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तोताराम कौतिक देसले. बोला.”

आबा इतके खूश झाले, की काय मागायचं तेच विसरले. शेजारच्याकडे वळून म्हणाले, “मन्हं नाव किती चांगलं शे रे!” लोक जे हसले! मग आबांनी मोरीचं सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, कापूस, पोरींची दप्तरं. कुठेही न अडखळता, एका दमात. वीस-बावीस वर्षांचा बंद नळ उघडल्यासारखं.

कुंदाबाईंनी पूर्ण ऐकलं. “मोरीचं काम पहिल्या नंबरावर घेऊ,” त्या म्हणाल्या. टाळ्या सुरू होणार तोच त्यांनी हात वर केला. “एक विचारायचंय. मोरी वाहून गेली तेव्हा तीन पाईप निखळले. दोन नाल्यात पडलेत. तिसरा कुठाय?”

सगळं गाव आभाळाकडे बघायला लागलं.

आबा टोपी खाजवू लागले.

“तिसरा आपल्या गोठ्यात आहे,” सभापती म्हणाल्या. “त्यात बकऱ्या झोपतात. दोन वर्षं मी रोज भिंतीला सांगतेय, की पाईप सरकारी आहे, परत ठेवा म्हणावं. भिंतीने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.”

मांडव अक्षरशः लोळला. बीडीओ साहेब रुमालात तोंड घालून हसत होते. प्रेमराज मागे कुठेतरी कपाशीतून आलेला होता, तो तर खांबाला धरून. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर आबा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“ठेवी दिसू, ठेवी दिसू,” ते म्हणाले. “पन बकऱ्यास्ले काय सांगू?”

“त्यांना मी सांगते,” कुंदाबाई म्हणाल्या. “भिंत आता मोकळीच आहे.”

पाईप दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरला बांधून नाल्यावर गेला. मागे तीन बकऱ्या तक्रार करत चालत होत्या. आणि त्या दिवसापासून देसल्यांच्या घरात इतकी बडबड चालते, की शेजारी म्हणतात, पहिलंच बरं होतं. मिरचीवरून रोज समोरासमोर वाद होतो. गोडीशेवेचा पुडा हातात दिला जातो. कुंदाबाई ‘राम राम’ही म्हणू लागल्यात. भूपेंद्र गाडीचं पुढचं दार त्यांच्यासाठी उघडतो, पण त्याची पंचाईत कायम आहे. ‘वहिनी’ म्हणत नाही आणि दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून नुसता खोकतो.

माझीही पंचाईत कायम होती. पुढच्या गावाला जाताना गाडीत मी मागे बसलो होतो आणि त्या पुढे. मी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच.

“हे बघा,” मी सुरुवात केली, “आपण ज्या उच्च पदावर विराजमान आहात, त्या पदाची गरिमा, आपल्या परंपरेतील स्त्रीविषयक आदरभाव, तसेच भाषेची प्रकृती या सर्वांचा साकल्याने विचार करता, मला सूत्रसंचालक या नात्याने एकदा आपल्याच मुखातून स्पष्ट व्हावं असं वाटतं, की आपल्याला नेमकं काय म्हणावं? महोदया, मॅडम, ताई, की साहेब?”

कुंदाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“काहीही म्हणा सर, पण थोडक्यात म्हणा.”